अफगाणिस्तानातली मुलं आणि गावाने उभं केलेलं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण विद्यार्थ्यांशी माझी ओळख पाणलोटाच्या कामातून झाली. त्यांची एक तुकडी आमच्या तालुक्यात बंधारे पाहायला आली होती. ओढ्यातला गॅबियन बंधारा, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध, दिसल्यावर पूर्वेकडच्या नांगरहार प्रांतातला एक मुलगा जाळीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडचा कालवा असाच आहे. एका जपानी डॉक्टरांनी बांधला." तेव्हापासून त्या देशातल्या गावांच्या कामाबद्दल मी वाचत, विचारत आलो. आता महाविद्यालयांत, महिला मंडळांत, ग्रामसभेच्या प्रशिक्षणांत त्यावर बोलतो, आणि तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. चांगले प्रश्न असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

मुलांसाठी काम करायचं तर शाळा आणि औषधं सोडून विहिरी, कालवे कशाला?

हा प्रश्न सर्वांत आधी तेत्सु नाकामुरा या डॉक्टरांनाच पडला होता. ते मूळचे जपानमधल्या फुकुओकाचे. १९८४ साली कुष्ठरोग्यांवर उपचार करायला ते पेशावरला आले आणि पुढे सीमेपलीकडे, पूर्व अफगाणिस्तानच्या डोंगराळ खोऱ्यांत त्यांनी दवाखाने सुरू केले. २००० साली भयंकर दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, लोक डबक्यातलं पाणी पिऊ लागले. जुलाबाने गळून गेलेली लेकरं कडेवर घेऊन आया दवाखान्याच्या रांगेत बसत, आणि नंबर लागायच्या आत काही मुलं मरत. त्यांना वाचवणारं औषध दवाखान्यात होतं, पण घरी परत गेल्यावर प्यायला पाणी तेच.

मग डॉक्टरांनी विहिरी खणायला सुरुवात केली. काही वर्षांत सुमारे १६०० विहिरी झाल्या. पण भूजलच खाली जात होतं, आणि शेती उभी राहिल्याशिवाय मुलांच्या पोटात अन्न पडणार नव्हतं. म्हणून मार्च २००३ मध्ये कुनार नदीवर कालव्याचं काम सुरू झालं. त्याचं नाव मरवारिद, म्हणजे मोती. सात वर्षांत सुमारे २५ किलोमीटरचा कालवा गंबेरीच्या वाळवंटापर्यंत पोचला. नंतरच्या बंधाऱ्यांचं क्षेत्र धरलं तर १६ हजार हेक्टरांच्या आसपास जमीन भिजू लागली. दुष्काळात गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली. बाप मजुरीसाठी परदेशी किंवा बंदूक घेऊन कुणाच्या तरी टोळीत जाण्याऐवजी शेतावर राहिला, आणि घरात गहू आला.

पाणी, धान्य आणि घरी असलेला बाप, हे तीन मिळाले की मुलाचं निम्मं संकट टळतं असं माझं मत आहे. आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यांत वीस वर्षं काढल्यामुळे ते झालं असेल. पण कालव्याआधीची आणि नंतरची गंबेरीची छायाचित्रं कुणीही शेजारी ठेवून पाहावीत.

त्या कालव्यात गावकऱ्यांचा वाटा कोणता? की सगळं जपानी पैशातूनच झालं?

पैसा मुख्यतः जपानमधल्या सामान्य माणसांच्या वर्गण्यांतून आला. 'पेशावर-काई' नावाची त्यांची संस्था १९८३ पासून तो गोळा करते. पण कालवा कसा बांधायचा हे ठरवताना नाकामुरांनी एकच कसोटी लावली: परदेशी माणूस निघून गेल्यावर गावाला याची दुरुस्ती करता आली पाहिजे. म्हणून काँक्रीटच्या भिंतींऐवजी तारेच्या जाळीत दगड भरलेले गॅबियन आणि त्यांच्या मागे लावलेली वाळुंजाची झाडं. वाळुंजाची मुळं दगडांच्या फटींत शिरून काठ धरून ठेवतात. दगड रचण्यात तिथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे, त्याची घरंसुद्धा तशीच. नदी अडवण्याचा नमुना त्यांनी फुकुओकातूनच घेतला. तिथे १७९० साली बांधलेला यामादा नावाचा तिरपा दगडी बंधारा आजही पाणी वळवतो. यंत्रं नसलेल्या काळातल्या जपानी शेतकऱ्यांना जे जमलं ते अफगाण शेतकऱ्यांनाही जमेल, असा त्यांचा हिशोब होता.

डॉक्टर स्वतः स्थापत्य शिकले आणि खोदाईचं यंत्रही चालवायला शिकले. कामावर गावचीच माणसं होती. निर्वासितांच्या छावण्यांतून परतलेले होते, आधी लढाईत असलेलेही होते. त्यांना रोजची मजुरी मिळे.

त्या देशात वसंतात कालव्यांचा गाळ काढायला घरटी माणूस येतो. त्याला 'हशर' म्हणतात, म्हणजे आपलं श्रमदान. पाण्याची पाळी ठरवणारा माणूस तो 'मीराब'. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीतला पाटकरी ज्यांना माहीत आहे त्यांना मीराब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

४ डिसेंबर २०१९ रोजी जलालाबादमध्ये नाकामुरांची गाडी अडवून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्यासोबतचे पाच अफगाण सहकारीही गेले. काम मात्र संपलं नाही. अफगाण सहकाऱ्यांनी ते चालू ठेवलं, आणि २०२१ मध्ये काबूलमधलं सरकार कोसळलं तरी कालव्याला पाणी वाहतच राहिलं.

'गावातली शाळा' म्हणजे काय? सरकारी शाळेत काय अडचण आहे?

महाराष्ट्रात एकेकाळी वस्तीशाळा होत्या, त्या आठवा. मुख्य गावापासून दूर पाड्यावर, तांड्यावर एखादी खोली आणि तिथलाच शिकलेला तरुण किंवा तरुणी. अफगाणिस्तानातली गावशाळा बरीचशी तशीच आहे. कुणाच्या तरी घरातली खोली किंवा मशिदीची ओसरी, खाली सतरंजी, एक फळा, पंचवीस-तीस मुलं. ती जवळच्या सरकारी शाळेला जोडलेली असते, पुस्तकं सरकारी अभ्यासक्रमाचीच असतात, आणि पुढे मुलांनी मोठ्या शाळेत जावं अशी अपेक्षा असते.

अडचण अंतराची आहे. डोंगरात दोन-तीन किलोमीटर म्हणजे ओढा, बर्फ, कुत्री, चेकनाके आणि कधी पुरलेला सुरुंग. मुलगा एकटा पाठवतील, मुलीला पाठवणार नाहीत. याचा चोख पुरावा आहे. वायव्येकडच्या घोर प्रांतात २००७ मध्ये ३१ गावांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून काही गावांना आधी शाळा दिल्या आणि बाकीच्या गावांना वर्षभराने. १४९० मुलांची नोंद ठेवली. ज्या गावांत शाळा आली तिथे शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण शंभरात ४२ने वाढलं. ज्या गावांत शाळा नव्हती तिथे मुलग्यांपेक्षा मुली शंभरात २१ने मागे होत्या. शाळा आली तिथे हा फरकच उरला नाही. वाचन आणि गणिताच्या चाचण्यांतही मुली वेगाने वर आल्या.

मी हे आकडे जिथे सांगतो तिथे कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे आईबापांना मुलींना शिकवायचंच नसतं असं आम्ही समजत होतो ते चूक?" बऱ्याच अंशी चूक. मुलीच्या शिक्षणाला विरोध करणारे बाप आहेत, जसे ते आपल्याकडेही होते आणि आहेत. पण शाळा हाकेच्या अंतरावर आली, शिकवणारी बाई ओळखीच्या घरातली असली, की बहुतेक घरांतून मुली बाहेर पडल्या. त्यासाठी कुणाच्या संस्कृतीवर भाषण द्यावं लागलं नाही.

शिक्षक कुठून आणायचा?

गावातून. आणि खरी नड तिथेच आहे. जिथे एका पिढीच्या मुली शिकल्याच नाहीत तिथे शिकवायला बाई कुठून मिळणार? मग दहावी झालेला तरुण, निर्वासित छावणीत शिकून परत आलेली सून किंवा मशिदीतला मुल्ला यांच्यातून कुणीतरी निवडतात आणि त्यांना प्रशिक्षण देतात. मुल्लाचं नाव ऐकून आपल्याकडे भुवया वर जातात. पण गावचा मुल्ला मशिदीत मुलींची शाळा भरवायला हो म्हणाला, की त्या गावात तिला नाही म्हणणारा राहत नाही. अनेक संस्थांनी कामाची सुरुवात त्याच्याशी बोलण्यापासून केली आहे, आणि ते शहाणपणाचं होतं.

पगार बाहेरून येतो आणि तो वेळेवर आला नाही की शाळा बंद पडते. खोली, सरपण, सतरंजी गाव देतं. शिक्षकाचा संसार गावाच्या वर्गणीवर चालत नाही. कामाला लोकसहभागाचं नाव देऊन शिक्षकाला फुकट राबवणं मला मान्य नाही, मग ते घोरमध्ये असो की गडचिरोलीत.

आता मुलींना शिकता येतं का?

सहावीपर्यंत येतं. त्यापुढे नाही.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतलं. सप्टेंबरमध्ये माध्यमिक शाळा फक्त मुलग्यांसाठी उघडल्या. २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्याही उघडणार असं जाहीर झालं, मुली गणवेश घालून शाळेत आल्या, आणि काही तासांतच त्यांना घरी पाठवलं. २० डिसेंबर २०२२ रोजी विद्यापीठंही मुलींसाठी बंद झाली. चारच दिवसांनी स्वयंसेवी संस्थांत काम करायला बायकांना मनाई झाली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती मनाई संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयांनाही लागू केली. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका आणि सुईणींचे अभ्यासक्रमही मुलींसाठी बंद करण्याचा आदेश निघाला.

शेवटच्या आदेशाचा मुलांवर काय परिणाम होईल ते सरळ आहे. त्या देशात बऱ्याच भागांत बाई पुरुष डॉक्टरकडे जात नाही. नवीन सुईणी तयार झाल्या नाहीत, तर दहा वर्षांनी बाळंतिणीजवळ कोण असेल? आणि सहावीनंतर मुली शिकल्या नाहीत, तर गावशाळेतल्या आजच्या बाई थकल्यावर त्यांच्या जागी कोण बसेल? आज पहिलीत बसलेल्या मुलीचीही शिक्षिका यातून हिरावली जाते आहे. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट हीच आहे.

तरीही लोक शिकवतात. हे पहिल्यांदा घडत नाही. १९९०च्या दशकात तालिबानच्या पहिल्या राजवटीत हेरातच्या सकीना याकूबी यांच्या संस्थेने ८० घरांत शाळा चालवल्या, आणि त्यांत ३००० मुली शिकल्या. हबीबा सराबी याही त्या काळात मुलींच्या गुप्त शाळांच्या कामात होत्या. २००५ मध्ये त्या बामियानच्या राज्यपाल झाल्या, देशातल्या पहिल्या महिला राज्यपाल. अलीकडे मतिउल्ला वेसा हे मोटारसायकलवरून गावोगाव पुस्तकं नेत, वडीलधाऱ्यांना बसवून बंद शाळा उघडायला लावत. मार्च २०२३ मध्ये त्यांना अटक झाली आणि ऑक्टोबरमध्ये सुटका झाली. आज घराघरांत काय चालू आहे, कुठे आणि कुणाकडे, हे मी लिहिणार नाही. तुम्हाला कळलं तर तुम्हीही कुठे लिहू नका.

अशा राज्यात काम करणं म्हणजे त्या राज्याला हातभार लावणं नाही का?

प्रश्न प्रामाणिक आहे. बायकांवर बंदी आली तेव्हा काही मोठ्या संस्थांनी काम थांबवलं, आणि ते त्यांनी तत्त्वाने केलं. काहींनी जिल्ह्याजिल्ह्यात बोलणी करून आरोग्य आणि प्राथमिक शिक्षणापुरती सूट मिळवली आणि बाई कर्मचाऱ्यांना कामावर ठेवलं. २०२३ मध्ये परदेशी संस्थांना गावशाळा देशी संस्थांकडे सोपवायला सांगण्यात आलं, तेव्हाही हाच पेच पडला.

मी काम चालू ठेवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. चार वर्षांची भुकेली मुलगी सत्ताबदलाची वाट पाहू शकत नाही. पण एक अट हवी: बाईला बाहेर ठेवून काम चालू ठेवायचं नाही. बायकांशिवाय गेलेलं पथक घराच्या उंबऱ्याबाहेरच उभं राहतं. आत कोणतं मूल आजारी आहे, कोणाच्या घरात चूल पेटलेली नाही, हे त्याला कळतच नाही. आणि मदत थांबवण्याची शिक्षा काबूलच्या कार्यालयात बसलेल्यांना होत नाही, ती घोरच्या डोंगरात पोचते.

गावाच्या समितीला थेट पैसे दिले तर गावातले दांडगे खातील ना?

काही ठिकाणी खाल्ले. तरीही थेट पैसे देणं बरोबर होतं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण सविस्तर सांगायला हवं.

२००३ मध्ये अफगाण सरकारने 'हंबस्तगी-ए-मिल्ली', म्हणजे राष्ट्रीय एकजूट नावाचा कार्यक्रम सुरू केला. रचना अशी होती. गावाचे पाच ते पंचवीस घरांचे गट पाडायचे. गुप्त मतदानाने गावाची विकास परिषद निवडायची, आणि तीत बायका असल्याच पाहिजेत. परिषदेने गावाला बसवून काय हवं ते ठरवायचं. सरकार घरटी २०० डॉलर या हिशोबाने एकरकमी निधी देणार, एका गावाला जास्तीत जास्त ६० हजार. खर्चाचा दहावा हिस्सा गावाने पैशाने, श्रमाने किंवा सामानाने उचलायचा. हिशोब गावासमोर मांडायचा. हा कार्यक्रम तीस हजारांहून जास्त गावांत पोचला आणि २०१६ नंतर त्याची जागा 'सिटिझन्स चार्टर' नावाच्या पुढच्या योजनेने घेतली. युद्ध चालू असताना इतक्या गावांत मतदान होऊन हिशोब लिहिले गेले, हे थोडं नाही.

या कार्यक्रमाची ५०० गावांत मोठी पाहणी झाली. निम्म्या गावांत कार्यक्रम, निम्म्यांत नाही. पिण्याचं पाणी आणि वीज यांत स्पष्ट सुधारणा दिसली. मुलांना डॉक्टरकडे नेण्याचं प्रमाण वाढलं. गावाच्या कारभारात बायकांनी बसावं हे पुरुषांना जास्त पटू लागलं. रस्ते आणि पाटबंधाऱ्यांचा मात्र फारसा उपयोग दिसला नाही, आणि लोकांचं उत्पन्नही लक्षात येण्याइतकं वाढलं नाही.

दांडग्यांबद्दलचं उत्तर त्याच पाहणीत आहे. मदतीचा गहू वाटायचा होता तेव्हा, जिथे निवडून आलेल्या परिषदेवर वाटपाची जबाबदारी स्पष्ट टाकली होती, तिथे तो गरजूंपर्यंत जास्त नीट पोचला. जिथे परिषद होती पण जबाबदारी कुणाची हे सांगितलंच नव्हतं, तिथे परिस्थिती परिषद नसलेल्या गावांपेक्षाही वाईट झाली. जुने म्होरके आणि नवी परिषद, दोघेही हात मारायला मोकळे. आपल्या ग्रामपंचायतीत ज्यांनी एखादी योजना 'सगळ्यांची' म्हणून राबवलेली पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे युद्ध तरी थांबलं का?

नाही. गावावर हल्ले कमी झाले असं एकंदरीत दिसलं नाही. सरकारबद्दलचं मत निधी येईपर्यंत सुधारलं, आणि काम संपल्यावर तेही बरंचसं ओसरलं. विहीर खणून युद्ध थांबेल ही अपेक्षा ज्यांनी ठेवली त्यांनी गावावर नको ते ओझं टाकलं. विहिरीचं काम मुलांना पाणी देणं, आणि ते तिने केलं.

सुरुंगांपासून मुलांना कसं वाचवतात?

सोव्हिएत फौजांनी विमानातून टाकलेले फुलपाखराच्या आकाराचे छोटे सुरुंग, नंतरच्या यादवीतले, मग गावठी बनावटीचे, असे थरावर थर साचलेले आहेत. मुलं जनावरं चारायला, सरपण आणायला, भंगार वेचायला बाहेर असतात. म्हणून न फुटलेल्या दारूगोळ्याच्या बळींत मुलांचाच वाटा सर्वांत मोठा आहे. सुरुंग काढण्याचं संघटित काम १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे आणि ते बहुतांशी अफगाण माणसंच करतात.

गावपातळीवर दोन गोष्टी होतात. लाल रंगवलेला दगड दिसला तर पलीकडे जायचं नाही. पांढरा असेल तर जमीन साफ केलेली आहे. हे मुलांना चित्रांतून आणि खेळांतून शिकवतात. आणि कुठे काय दिसलं हे मोठ्यांना सांगायला शिकवतात, कारण बऱ्याचदा ते पहिल्यांदा गुराख्या पोरालाच दिसतं.

पाय गमावलेल्या मुलांसाठी रेड क्रॉसची कृत्रिम अवयवांची केंद्रं आहेत. अल्बेर्तो कैरो हे इटालियन गृहस्थ १९९० पासून काबूलच्या केंद्रात आहेत. त्यांनी एक रीत पाडली: केंद्रातल्या नोकऱ्या तिथे उपचार घेतलेल्या अपंगांनाच. नवा पाय बसवायला आलेल्या मुलाला पाय बनवणारा, बसवणारा आणि चालायला शिकवणारा माणूसही स्वतः कृत्रिम पायावर उभा असलेला भेटतो.

कुपोषणावर काय करतात? आपल्या अंगणवाडीसारखं काही आहे?

अंगणवाडीइतकी मोठी व्यवस्था नाही, पण हत्यार तेच आहे: दंडघेर मोजायची रंगीत पट्टी. घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. अशा मुलाला शेंगदाण्याच्या लगद्याचं पाकीट देतात. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी असतात, शिजवावं लागत नाही, पाणी घालावं लागत नाही. आयांनाच पट्टी देऊन मोजायला शिकवलं की आजार लवकर सापडतो. हिवाळ्यात घरात नान आणि चहा एवढंच उरतं, आणि बर्फाने रस्ता बंद झाला की दवाखाना असून नसल्यासारखा. म्हणून सगळी तयारी बर्फाच्या आधी करावी लागते. मेळघाटात आणि नंदुरबारला जे पावसाळ्याआधी करतात तेच.

इतकी अनाथ मुलं आहेत, तर एखादा चांगला अनाथाश्रम का काढू नये?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मन मोठं असतं, म्हणून उत्तर देताना मला अवघड जातं. तिथे अनाथाश्रमाला 'परवरिशगाह' म्हणतात. त्यांत राहणाऱ्या बहुतेक मुलांची आई तरी हयात असते. बाप युद्धात गेला, आईला कमवायची सोय नाही, म्हणून मूल तिथे ठेवलेलं असतं. तिथे जो खर्च एका मुलावर होतो त्यातला काही भाग आईच्या हातात पडला तर ते मूल घरी राहील, भावंडांत वाढेल. काका-मामाच्या घरी ठेवलेल्या मुलांच्या बाबतीतही तेच. चांगली इमारत उभी राहिली की आजूबाजूच्या गरीब घरांतून मुलं तिकडे ओढली जातात, हे अनेक देशांत दिसलेलं आहे.

ज्याला खरोखर कुणी नाही अशा मुलासाठी आसरा हवाच. पण सुरुवात 'या मुलाचं कोण आहे?' या प्रश्नापासून व्हायला हवी. २०२३च्या शेवटापासून पाकिस्तान आणि इराणमधून लाखो अफगाण परत पाठवले गेले, आणि त्यांत एकटी मुलंही सीमेवर उतरली. त्यांच्यासाठी पहिलं काम खाट देणं नाही, तर गावाचं आणि आजोबांचं नाव विचारून घर शोधणं.

मुलांच्या मनावर झालेल्या आघाताचं काय?

मानसोपचारतज्ज्ञ तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग ठरलेल्या वेळी उघडणारी एक जागा, ठरलेली ताई किंवा दादा, खेळ, चित्रं, गाणी, आणि रोज तेच वेळापत्रक. भूकंपानंतरही हेच करतात; जून २०२२ मध्ये पक्तिकात, ऑक्टोबर २०२३ मध्ये हेरातमध्ये असेच तंबू लागले. ज्या मुलाचं सगळं अचानक गेलं त्याला 'उद्या चार वाजता परत ये' असं सांगणं आणि उद्या चार वाजता तिथे असणं याचा उपयोग होतो. किल्लारीच्या भूकंपानंतर मुलांबरोबर काम केलेल्या जुन्या कार्यकर्त्यांना विचारा, ते याहून चांगलं सांगतील. थोड्या मुलांना याहून जास्त उपचार लागतात, आणि ते तिथे मिळत नाहीत.

भारताने काही केलं आहे का?

बरंच. काबूलमधलं मुलांचं मोठं रुग्णालय इंदिरा गांधींच्या नावाचं आहे आणि भारताच्या मदतीने उभं आहे. शाळेत येणाऱ्या दहा लाखांहून जास्त मुलांना रोज १०० ग्रॅम प्रथिनयुक्त बिस्किटं जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत पुरवली गेली. हेरातजवळचं सलमा धरण २०१६ मध्ये पूर्ण झालं. मला मात्र जास्त मोलाची वाटतात ती छोटी कामं: गावची शाळा, दवाखाना, विहीर. २०२० पर्यंत सगळ्या ३४ प्रांतांत मिळून भारताची लहानमोठी चारशेहून जास्त कामं झाली होती. त्यांतली छोटी कामं बातम्यांत फारशी आली नाहीत.

मला तिथे जाऊन काम करता येईल का?

डॉक्टर, परिचारिका, सुरुंगतज्ज्ञ किंवा जलअभियंता असाल आणि अनुभव असेल, तर मोठ्या संस्थांमार्फत अर्ज करा. नुसती इच्छा असेल तर जाऊ नका. तुमच्या सुरक्षेसाठी जी माणसं आणि जो पैसा लागेल, त्यात एक गावशाळा चालेल.

पैसे द्यायचे तर काय पाहावं?

संस्थेला तीनच गोष्टी विचारा. गावात काम करणारी माणसं कुठली आहेत? बायका कामावर आहेत का? तुमचा निधी बंद झाला तर यातलं काय चालू राहील? तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळत का होईना पण खरं बोलतो त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. मुलांचे चेहरे आणि नावं छापून पैसे मागणाऱ्यांना देऊ नका. त्या देशात एखाद्या मुलीचा शाळेतला फोटो तिच्या घराला महागात पडू शकतो. आणि जुने कपडे पाठवू नका. वाहतुकीच्या खर्चात तिथल्या बाजारात नवे कपडे येतात आणि तिथल्या शिंप्यालाही काम मिळतं.

महाराष्ट्रात राहून आणखी काय करता येईल?

पुण्यात अनेक वर्षांपासून अफगाण विद्यार्थी शिकत आले आहेत. २०२१ नंतर अनेकांची परतीची वाट बंद झाली आणि घरून येणारे पैसेही आटले. त्यांच्यात शिकलेल्या मुली आहेत ज्यांना आज त्यांच्या स्वतःच्या देशात वर्गात बसता आलं नसतं. उद्या तिथल्या गावशाळांना, दवाखान्यांना लागणारी माणसं यांच्यातूनच जातील.

त्यांची रोजची अडचण अगदी साधी आहे: भाड्याने खोली मिळत नाही. घरमालकाला वाटतं, परदेशी माणूस, नसती कटकट. परदेशी पाहुणा राहायला आल्यावर मालकाने त्याच्या नोंदीचा फॉर्म (आधीचा 'सी फॉर्म') ऑनलाइन भरायचा असतो, चोवीस तासांच्या आत. पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील, फोटो, पत्ता असं लागतं, आणि ते काम अवघड नाही. तुमची खोली रिकामी असेल तर द्या. तुमची नसेल आणि शेजाऱ्याची असेल, तर त्याच्याजवळ बसून तो फॉर्म भरून द्या.